पाळीव सापाची जांभई: कधी निर्धास्त राहावे आणि कधी डॉक्टर गाठावा

बॉल पायथन या आफ्रिकेतल्या लहान, बिनविषारी अजगराने उंदीर गिळून संपवला की पाच-दहा मिनिटांत तो डोके किंचित वर उचलतो आणि जबडा इतका वासतो की पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. दोन-तीनदा आ वासून, जबड्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलवून झाल्यावर तो जीभ एकदा बाहेर काढतो आणि वेटोळे घालून पडून राहतो. यालाच आपण सापाची जांभई म्हणतो. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी गेली नऊ वर्षे दोन बॉल पायथन आणि एक कॉर्न स्नेक (अमेरिकेतला बिनविषारी साप) आहेत. या काळात मी ही जांभई शेकडो वेळा पाहिली, आणि एकदा तिचा अर्थ चुकीचा लावल्यामुळे एक साप गमावण्याची वेळ जवळजवळ आली होती. त्यानंतर मी स्वतःला जी पद्धत लावून घेतली ती येथे पायरीपायरीने देत आहे. तिचे सूत्र एकच आहे: जांभईकडे पाहण्यापेक्षा जांभईनंतर तोंड कसे मिटते याकडे पाहावे.

आधी कागदपत्रांविषयी

पुढचे सर्व विवेचन कायदेशीररीत्या पाळलेल्या विदेशी सापांपुरते आहे. धामण, दिवड, मांडूळ, अजगर, दुरक्या घोणस यांपैकी कोणताही देशी साप घरात ठेवणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, मग तो शेतात जखमी सापडलेला असो की कुणी प्रेमाने आणून दिलेला असो. असा साप आढळल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. विदेशी सापांपैकी बॉल पायथन आणि बोआ यांची नावे साईट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. १९७२ च्या अधिनियमात २०२२ मध्ये झालेली आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेली दुरुस्ती, आणि तिच्याखाली २०२४ मध्ये निघालेले नियम, यांनुसार अशा प्राण्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश या पोर्टलवर करावी लागते. पिल्ले झाली, प्राणी दगावला किंवा दुसऱ्याच्या ताब्यात गेला तर तेही कळवावे लागते. कॉर्न स्नेक या करारात नसला तरी त्याच्या खरेदीची पावती जपून ठेवावी. याचा जांभईशी काय संबंध, असे वाटेल. संबंध असा की ज्याच्याकडे कागद नाहीत तो माणूस साप आजारी पडल्यावर डॉक्टरांकडे जायला कचरतो, आणि त्या कचरण्यात गेलेले आठ-दहा दिवस सापाच्या जिवावर बेततात.

जांभई म्हणजे नेमके काय होते

माणसाची जांभई झोपेशी आणि कंटाळ्याशी जोडलेली आहे. सापाच्या बाबतीत हा अर्थ सोडून द्यावा. त्याच्या जांभईचे मूळ त्याच्या जबड्याच्या रचनेत आहे.

सापाच्या खालच्या जबड्याची दोन हाडे आपल्यासारखी हनुवटीपाशी एकसंध झालेली नसतात. ती ताणल्या जाणाऱ्या अस्थिबंधाने बांधलेली असतात. मागच्या बाजूला हा जबडा थेट कवटीला न जोडता एका लांबट, हलत्या हाडाच्या मध्यस्थीने जोडलेला असतो. त्यामुळे साप स्वतःच्या डोक्यापेक्षा रुंद भक्ष्य गिळू शकतो. गिळताना जबडा निखळतो आणि नंतर साप तो परत बसवतो, हे अनेकदा ऐकू येते. ते खरे नाही. सांधा निखळत नाही, तो मुळातच तितका मोकळा आहे. उंदीर गिळताना साप वरच्या जबड्याची डावी आणि उजवी बाजू आळीपाळीने पुढे सरकवतो, दातांनी पकड घेतो आणि जणू भक्ष्यावरून आपले डोके चालवत नेतो. ही कसरत संपल्यावर ताणलेले स्नायू आणि अस्थिबंध पूर्वस्थितीला आणण्यासाठी तो आ वासतो. म्हणून जेवणानंतरच्या जांभईत जबडा वाकडा दिसला, एक बाजू दुसरीपेक्षा खाली गेली, तरी घाबरू नये. मिटल्यावर मात्र तो सरळ दिसला पाहिजे.

दुसरे कारण वासाचे आहे. साप जिभेने हवेतले कण टिपतो आणि टाळूतल्या जेकबसन इंद्रियापर्यंत पोचवतो, हे बहुतेक पाळणाऱ्यांना ठाऊक असते. परिसरात नवा किंवा तीव्र वास आला की काही साप तोंड उघडून तो अधिक घेत असावेत, असे अमेरिकेतील खुळखुळ्या सापांवरील निरीक्षणांवरून मांडले गेले आहे. माझ्या अनुभवात गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात ठेवून त्याचा वास खोलीत पसरला की मोठा बॉल पायथन पेटीत हालचाल सुरू करतो आणि अधूनमधून एखादी जांभई देतो.

तिसरा प्रसंग कात टाकण्याचा. डोळे दुधाळ होऊन परत स्वच्छ झाल्यावर साप ओठांच्या कडेची कात सोडवण्यासाठी नाक दगडावर किंवा लाकडावर घासतो आणि मध्येच जबडा ताणतो. याशिवाय बराच वेळ वेटोळ्यात पडून राहिलेला साप संध्याकाळी बाहेर पडताना एखादी जांभई देतो, तिला काही कारण शोधत बसू नये.

आजाराचा धोका का मोठा, हेही याच रचनेत आहे. सापाला श्वासपटल नसते, त्यामुळे तो आपल्यासारखा जोरात खोकून कफ बाहेर टाकू शकत नाही. कॉर्न स्नेकच्या कुळातल्या सापांत एकच, उजवे फुप्फुस खऱ्या अर्थाने काम करते. पायथन आणि बोआंत दोन असली तरी डावे लहान असते. चिकट स्राव एकदा श्वासनलिकेत साठू लागला की त्याला बाहेर यायला वाट नसते. अशा वेळी साप मान वर करून तोंड उघडतो, आणि दूरून पाहणाऱ्याला ती जांभईच वाटते.

पहिली पायरी: हात न लावता पाहणे आणि चित्रीकरण करणे

जांभई दिसली की पेटी उघडू नये, दिवा लावू नये, सापाला उचलून तोंडात डोकावू नये. मोबाइल पेटीच्या काचेला टेकवून बाजूने चित्रीकरण करावे, आणि जांभई संपल्यानंतर आणखी एक पूर्ण मिनिट ते चालू ठेवावे. बहुतेक जण जबडा उघडण्याचा क्षण टिपतात आणि मोबाइल खाली ठेवतात. उपयोगी असते ते पुढचे मिनिट.

यासोबत एक वही ठेवावी. तारीख, वेळ, पेटीच्या उबदार आणि गार टोकाचे तापमान, आर्द्रता, शेवटचे जेवण कधी झाले, कात कोणत्या टप्प्यावर आहे आणि तासाभरात किती जांभया झाल्या, एवढे लिहिले तरी पुरे. स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर महिन्यातून एकदा सापाचे वजन करून तेही त्याच वहीत लिहावे. डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘गेल्या आठवड्यापासून जरा जास्त जांभया देतोय’ या वाक्यापेक्षा ही वही शंभर पट कामाची ठरते.

दुसरी पायरी: तोंड मिटते का ते पाहणे

निरोगी जांभई काही सेकंदांत संपते. जबडा उघडतो, ताणला जातो, मिटतो; वरचा आणि खालचा ओठ एकमेकांवर नीट बसतात, फक्त जीभ बाहेर येण्याची पुढची बारीक खाच उरते. साप मान सरळ ठेवतो आणि जीभ काढत आपल्या कामाला लागतो.

चिंतेची जांभई संपत नाही. तोंड मिटल्यासारखे वाटते, पण ओठांत एका बाजूला फट राहते. किंवा जबडा अर्धवट उघडा ठेवून साप डोके पेटीच्या भिंतीला टेकवून वर धरतो. प्रत्येक श्वासाबरोबर गळ्याचा भाग फुगतो आणि बसतो. थोड्या वेळाने पुन्हा जबडा उघडतो. तासाभरात दोन-तीनपेक्षा अधिक जांभया झाल्या आणि मागच्या दोन दिवसांत जेवण झालेले नसेल, तर मी ती गोष्ट गंभीर मानतो. हा काही पाठ्यपुस्तकातला आकडा नाही, माझा स्वतःचा ठोकताळा आहे; पण त्याने मला आजवर उशीर होऊ दिलेला नाही.

तिसरी पायरी: चित्रफीत थांबवून तोंडाच्या आत पाहणे

सापाचे तोंड बळजबरीने उघडायची गरज नसते, कारण जांभईत तो ते स्वतःच दाखवतो. चित्रफीत थांबवून मोठी करावी. आतली त्वचा फिकट गुलाबी, ओलसर आणि स्वच्छ असावी. तळाशी मध्यभागी एक लहान नळीसारखे तोंड दिसते, ते श्वासद्वार. उंदीर गिळताना साप ते पुढे काढून भक्ष्याच्या खालून श्वास घेत राहतो, म्हणून जेवणाच्या वेळी ते ठळक दिसले तर त्यात वावगे नाही. दात बहुधा हिरड्यांच्या आवरणात लपलेले असतात. एखादा दात पडलेला दिसला तरी हरकत नाही, कारण सापाचे दात आयुष्यभर पडत आणि नव्याने येत राहतात.

पुढीलपैकी काही दिसले तर मात्र वाट पाहू नये: हिरड्यांवर लाल ठिपके किंवा पट्टे, पनीरच्या चुऱ्यासारखा पिवळट-पांढरा पू, जबड्याच्या एका बाजूला सूज, टाळूपासून तळापर्यंत ताणले जाणारे चिकट तार, श्वासद्वाराशी बुडबुडे. पहिली तीन लक्षणे तोंड सडण्याच्या आजाराची असू शकतात, शेवटची दोन श्वसनमार्गाच्या संसर्गाकडे बोट दाखवतात, आणि पुष्कळदा एक दुसऱ्याच्या मागोमाग येते. कधीकधी प्रकरण साधे असते: जेवताना नारळाच्या भुशाचा एखादा तंतू टाळूला चिकटतो आणि साप तो सोडवण्यासाठी वारंवार जबडा वासतो. पाण्याचे भांडे भरलेले असेल तर तो बहुधा काही तासांत स्वतःच निघतो. दुसऱ्या दिवशीही तसाच दिसला तर काढण्याचे काम डॉक्टरांचे. असा अनुभव आल्यानंतर मी जेवण नेहमी सपाट फरशीच्या तुकड्यावर द्यायला लागलो.

चौथी पायरी: ऐकणे

रात्री पंखा बंद करावा, दार लावून घ्यावे आणि पेटीच्या जाळीपाशी कान नेऊन दोन मिनिटे शांत बसावे. निरोगी सापाचा श्वास ऐकू येत नाही. शिट्टीसारखा, टकटक असा किंवा पाण्यात फुंकर मारल्यासारखा आवाज येत असेल तर नोंद करावी. कात टाकायच्या आधीच्या दिवसांत नाकपुडीत अडकलेल्या सुट्या कातेमुळे हलकी शिट्टी वाजते आणि कात पडली की ती थांबते. कात पूर्ण पडून गेल्यावरही आवाज राहिला, तर कारण नाकपुडीत नाही.

पाचवी पायरी: कोल्हापूरची हवा आणि पेटीची हवा

या पायरीवर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडे सापांच्या श्वसनाच्या तक्रारी बहुतेक वेळा येथूनच सुरू होतात. साप शरीराचे तापमान बाहेरून घेतो. ते खाली राहिले की त्याची रोगप्रतिकारक शक्तीही मंदावते. बॉल पायथनला उबदार टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, गार टोकाला २५ ते २७ अंश आणि ५५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. कॉर्न स्नेकला उबदार टोक २८ ते ३१, गार टोक २२ ते २५ आणि आर्द्रता ४० ते ६० टक्के पुरते. ही मापे काचेवर चिकटवायच्या गोल काट्यांवर विसंबून घेऊ नयेत. तार असलेले डिजिटल तापमापक दोन्ही टोकांना, सापाच्या उंचीवर, ठेवावेत.

आता ही मापे आपल्या हवेशेजारी ठेवून पाहावीत. मृगाचा पाऊस स्थिरावला की गगनबावडा आणि राधानगरीकडून येणारे ढग आठवडेच्या आठवडे हटत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाही पारा २५-२७ अंशांच्या पुढे फारसा जात नाही, आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात राहते. भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत, आणि पेटीतला नारळाचा भुसा आपण पाणी न शिंपडताही ओला राहतो. ओल एकटी बॉल पायथनला तितकी बाधत नाही, गारवा एकटा काही दिवस सोसतो; ओल आणि गारवा एकत्र आले आणि त्यात हवा कोंडली की संसर्गाला रान मोकळे होते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्याकडे पाणी आले नाही, पण वीज गेली. इन्व्हर्टर दुसऱ्या दिवशी संपला. घरात नातेवाईक आश्रयाला आलेले होते आणि सापांच्या पेट्या मी आतल्या अंधाऱ्या खोलीत हलवून ठेवल्या होत्या. पाचव्या दिवशी संध्याकाळी नर बॉल पायथनने सात-आठ जांभया दिल्या. मी त्याला जेवणानंतरची जांभई समजलो आणि तसे सगळ्यांना सांगितलेही, वास्तविक त्याला जेवून नऊ दिवस झाले होते. वही तेव्हा मी ठेवत नव्हतो. तीन दिवसांनी नाकपुडीतून बुडबुडा आला, आणि पाणी ओसरून महामार्ग मोकळा होईपर्यंत त्याला पुण्याला नेता आले नाही. तो वाचला, पण उपचार दीड महिना चालले आणि त्याचे वजन पूर्वपदावर यायला पुढचा उन्हाळा उजाडला.

तेव्हापासून पावसाळ्याची तयारी मी वळिवाच्या सरी पडत असतानाच करतो. भुसा काढून त्याजागी वर्तमानपत्राचे कागद घालतो आणि ओले झाले की त्याच दिवशी बदलतो. पाण्याचे मोठे भांडे काढून लहान ठेवतो आणि ते उबदार टोकापासून दूर सरकवतो. पेटीच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना, एक खाली आणि एक वर, अशी जाळीची छिद्रे असली की हवा फिरते; फक्त झाकणाला पाडलेली छिद्रे पुरत नाहीत. हीट मॅटला (पेटी उबदार ठेवणाऱ्या विजेच्या चटईला) थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान नियंत्रक, असायलाच हवा, त्याविना ती सापाचे पोट भाजते. वीस वॉटची मॅट छताच्या पंख्यापेक्षा कमी वीज घेते, म्हणून इन्व्हर्टरवर प्राधान्य तिला द्यावे आणि पंखा बंद ठेवावा. वीज लांबलीच तर सोसेल इतके कोमट, साधारण ४० अंशांचे पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून, ती टॉवेलमध्ये गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात सापाच्या पिशवीशेजारी ठेवावी आणि दर दोन-तीन तासांनी बदलावी. खोक्याला हवेची छिद्रे ठेवायला विसरू नये.

हिवाळ्यात हवा कोरडी असते, पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास आणि कधी त्याखाली उतरतो. पेटी बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर मॅट चालू असूनही गार टोक फार गार पडते. तिन्ही बाजूंनी थर्माकोलचे तुकडे लावले की फरक दिसतो. याच दिवसांत उसाचा हंगाम असतो. गुऱ्हाळांचा आणि शेतात पेटवलेल्या पाचटाचा धूर शहराच्या कडेच्या वस्त्यांत शिरतो. धूर, उदबत्ती, फोडणीचा ठसका हे सगळे सापाच्या श्वसनमार्गालाही झोंबतात. डास घालवायच्या कॉइल आणि द्रवाच्या यंत्रांबाबत तर मी कोणतीही सवलत देत नाही: त्यांतली कीटकनाशके सापांना विषारी ठरू शकतात, त्यामुळे सापाच्या खोलीत खिडकीला जाळी लावणे हाच मार्ग.

उन्हाळ्याचे दुखणे वेगळे. पत्र्याखालच्या खोलीत किंवा माळ्यावर एप्रिलच्या दुपारी पेटी सहज ३६-३८ अंशांवर जाते. अतिउष्णतेने साप अस्वस्थ फिरतो, तोंड उघडे ठेवतो आणि शेवटी सैल पडतो. असे दिसताच मॅट बंद करून त्याला घरातल्या सर्वांत गार खोलीत न्यावे आणि उथळ, साध्या तापमानाच्या पाण्यात ठेवावे. डोके पाण्याबाहेर राहील याची काळजी घ्यावी. बर्फ किंवा फ्रीजमधले पाणी वापरू नये. सावरला असे वाटले तरी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

जांभईसारखे दिसणारे इतर प्रकार

पेटी उघडताच मान मागे घेऊन, इंग्रजी एस अक्षरासारखी वळवून, तोंड उघडून फुत्कारणारा साप जांभई देत नसतो. तो तुम्हाला दूर राहायला सांगत असतो. झाकण लावून त्याला दिवसभर एकटे सोडावे.

जेवणानंतर एक-दोन दिवसांत जबडा वासत शरीरात लाटा येऊ लागल्या तर तो उंदीर ओकण्याच्या बेतात आहे. हात लावल्यामुळे, पेटी गार असल्यामुळे किंवा उंदीर मोठा असल्यामुळे हे होते. म्हणूनच जेवणानंतर किमान ४८ तास सापाला उचलू नये. ओकल्यावर लगेच दुसरा उंदीर देण्याचा मोह टाळावा. १० ते १४ दिवस थांबून, निम्म्या आकाराचा द्यावा. पुन्हा ओकला तर डॉक्टर.

साप मान उलटी वळवून वर आकाशाकडे पाहत राहतो, स्वतःला सरळ करू शकत नाही आणि मध्येच तोंड उघडतो, तर हे चेतासंस्थेचे लक्षण आहे. बोआ आणि पायथनमध्ये काही विषाणूजन्य आजारांत ते दिसते. बॉल पायथनमध्ये २०१४ मध्ये ओळखला गेलेला निडोव्हायरस नावाचा विषाणूही चिवट श्वसनविकार आणि तोंडातला चिकट स्राव घडवतो. या आजारांवर नेमके औषध नाही, आणि ते दुसऱ्या सापाला लागतात. त्यामुळे नवीन आणलेला साप ९० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने, वेगळ्या भांड्यांसह ठेवावा आणि त्याचे काम जुन्या सापांचे काम झाल्यावरच, सर्वांत शेवटी, करावे.

सहावी पायरी: निर्णय घेणे

जेवणानंतरच्या किंवा कातेच्या दिवसांतल्या जांभया असतील, तोंड नीट मिटत असेल, आत काही विकृत दिसत नसेल आणि श्वास निःशब्द असेल, तर काहीही करू नये. नोंद करून सोडून द्यावे.

जांभया वाढल्या आहेत पण स्राव नाही, आवाज नाही, आणि पेटीचे तापमान किंवा ओल चुकलेली आढळली, अशा मधल्या स्थितीत आधी पेटी दुरुस्त करावी आणि ४८ तास बारकाईने लक्ष ठेवावे. उंदीर या काळात देऊ नये. दोन दिवसांत जांभया ओसरल्या नाहीत तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

बुडबुडे, चिकट तार, पू, सूज, उघडे राहणारे तोंड, ऐकू येणारा श्वास, वर धरलेली मान: यांपैकी एकही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. गायी-म्हशींचे आणि कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर आपल्या भागात पुष्कळ आहेत, पण साप पाहिलेला डॉक्टर वेगळा असतो. म्हणून साप निरोगी असतानाच दोन-तीन दवाखान्यांत फोन करून सरपटणारे प्राणी तपासता का, असे विचारून ठेवावे. आपल्या परिचयाच्या सर्पमित्रांना अशी नावे बहुधा माहीत असतात.

घरी काय करू नये

चमच्याने किंवा काडीने तोंड उघडू नये. दात तुटतो, हिरडी फाटते आणि तेथूनच संसर्ग शिरतो. हळद, मध, तेल, वाफ, छातीला चोळायचा बाम यांपैकी काहीही वापरू नये. घरात उरलेली माणसांची प्रतिजैविके तर मुळीच देऊ नयेत, कारण सापाचा चयापचय मंद असतो, मात्रा वजनावर आणि तापमानावर ठरते आणि चुकीचे औषध मूत्रपिंडे निकामी करू शकते.

नागपंचमीला घरी येणाऱ्या मावश्या-काकूंच्या मनात सापाला दूध पाजावे, हळदकुंकू वाहावे असे येते. त्यामागची श्रद्धा मला कळते आणि तिचा मी अनादर करत नाही. पण दूध हे सापाचे अन्न नाही. तहानलेल्या सापाच्या तोंडात ते गेले तर पचत नाही आणि श्वासद्वारातून आत गेले तर फुप्फुसाचा दाह होतो. हळदकुंकवाची पूड तोंडात आणि नाकपुड्यांत बसते. अशा वेळी पेटीबाहेर ठेवलेल्या पाटावर पूजा करावी, असे मी सुचवतो, आणि आमच्याकडे ते सर्वांनी आनंदाने मानले आहे. चंदगड तालुक्यातील ढोलगरवाडीच्या सर्पशाळेने सापांविषयीचे असे गैरसमज दूर करण्याचे काम आपल्याच जिल्ह्यात फार पूर्वीपासून केले आहे. त्या कामाचा दाखला दिला की घरातली वडीलधारी माणसे शांतपणे ऐकून घेतात.

सातवी पायरी: डॉक्टरांकडे नेणे आणि उपचार

सापाला स्वच्छ उशीच्या अभ्र्यात घालून अभ्र्याचे तोंड गाठीने बंद करावे आणि तो अभ्रा छिद्रे पाडलेल्या, झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवावा. अभ्र्याची शिवण उलटी करून घ्यावी, म्हणजे सुटे दोरे सापाच्या तोंडात अडकत नाहीत. गाडीत वातानुकूलन बंद ठेवावे. पावसाळ्यात किंवा थंडीत लांबचा प्रवास असेल तर वर सांगितलेली कोमट पाण्याची बाटली सोबत घ्यावी. वही, चित्रफीत आणि नोंदणीचा कागद बरोबर असावा.

डॉक्टर बहुधा तोंडातून किंवा श्वासद्वारातून स्रावाचा नमुना घेतात, गरज वाटल्यास क्ष-किरण तपासणी करतात आणि प्रतिजैविकाची इंजेक्शने सुरू करतात. ती शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात देण्याची पद्धत आहे, कारण मागच्या भागातले रक्त हृदयाकडे परतण्याआधी मूत्रपिंडांतून जाऊ शकते. उपचार काही आठवडे चालतात. चार इंजेक्शनांनंतर जांभया थांबल्या म्हणून उरलेली सोडून देणे ही या भागात मी सर्वाधिक वेळा पाहिलेली चूक आहे, आणि उलटलेला आजार पहिल्यापेक्षा हट्टी असतो. या काळात पेटीचे तापमान त्या जातीच्या मर्यादेच्या वरच्या टोकाला, रात्रीही न उतरवता, ठेवावे. डॉक्टरांनी वाफारा देणारे यंत्र सुचवले तर ते त्यांच्या देखरेखीखालीच वापरावे.

इंजेक्शने संपल्यावर दहा-बारा दिवस श्वास निःशब्द राहिला, वजन आणखी घटले नाही आणि डॉक्टरांनी होकार दिला, की पहिला उंदीर नेहमीपेक्षा लहान द्यावा, संध्याकाळी द्यावा, आणि देऊन झाल्यावर मोबाइल काचेला टेकवून बसावे. गिळून झाल्यावर पाच-दहा मिनिटांत साप जबडा वासेल. तो मिटल्यावर एका बाजूला फट राहते का ते पाहावे, आणि वहीत वेळ लिहावी.